/एटसी बिघडली की फायली कुठून परत येतात

नवख्यांचा एक ठाम समज असतो: लिनक्सवर पॅकेज पुन्हा टाकलं की /एटसीमधली (सिस्टिमच्या सेटिंग्जच्या फोल्डरमधली) उडालेली फाइल परत येते. डेबियन-उबुंटूवर तसं होत नाही. फाइल तुम्ही मुद्दामच काढली असणार, असं डीपीकेजी (तिथलं पॅकेज टाकणारं साधन) धरून चालतं. ‘--फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय दिला तरच ती पुन्हा मांडली जाते, आणि तीही कोरी, तुमच्या बदलांशिवाय. एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची, म्हणजे माउंट करायची, याची यादी) तर तशीही येत नाही, कारण ती इन्स्टॉलरने त्या मशीनपुरती लिहिलेली असते.

एफएसटॅब उडाली आणि मशीन अजून चालू असेल तर रीबूट मुळीच करू नका. काय कुठे माउंट आहे ते /प्रॉक/माउंट्समध्ये दिसतं, स्वॅप /प्रॉक/स्वॅप्समध्ये. ‘ब्लकआयडी’ने यूयूआयडी (डिस्कच्या प्रत्येक भागाचा ओळख-क्रमांक) काढा आणि ओळी हाताने लिहा. ओळीत सहा रकाने असतात. शेवटचा डिस्क तपासणीचा क्रम, रूटला (म्हणजे ‘/’ या मुख्य भागाला) 1, बाकीच्यांना 2 किंवा 0. लिहून झालं की ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’.

यूयूआयडीत एक अक्षर चुकलं तर बूट होताना सिस्टिमडी (सगळं सुरू करून देणारा प्रोग्राम) साधारण 90 सेकंद थांबतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये टाकतं. नुसती बाहेरची बॅकअप डिस्क काढून ठेवली तरी हेच होतं, म्हणून तिच्या ओळीत ‘नोफेल’ हवंच. इमर्जन्सी मोड रूट युजरचा (अ‍ॅडमिनचा) पासवर्ड मागतो; तो ठेवलेलाच नसेल तर ग्रबमध्ये (बूटच्या सुरुवातीच्या मेन्यूत) ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ लिहा, कंट्रोल-एक्स. इथे एडिटर सेव्ह करायला नकार देतो आणि डिस्क गेली म्हणून लोक घाबरतात. डिस्क बहुधा ठणठणीत असते; रूट फक्त वाचण्यापुरतं माउंट झालेलं असतं. ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्या, दुरुस्ती करा, मग ‘सिंक’ आणि ‘रीबूट -एफ’.

पासवर्डच्या फायलींचं त्या मानाने सोपं. पासडब्ल्यूडी (युजरची यादी) आणि शॅडो (पासवर्डचे हॅश) यांच्या शेजारीच, नावाच्या शेवटी डॅश असलेली आधीची प्रत पडलेली असते. सूडोअर्सला (अ‍ॅडमिनचे अधिकार कोणाला, ते ठरवणाऱ्या फाइलला) मात्र ‘व्हीआयसूडो’शिवाय हात लावू नये; सेव्ह करण्याआधी ते चुका तपासतं.

बॅकअपसाठी ईटीसीकीपर (/एटसीतले बदल गिटमध्ये नोंदवणारं साधन) लावा. नुसतं गिट पुरत नाही: फाइल चालवता येते की नाही एवढंच ते लक्षात ठेवतं, मालक आणि बाकीच्या परवानग्या नाही. ईटीसीकीपर त्या वेगळ्या नोंदवतो. पण ती रेपो (बदलांचा साठा) त्याच डिस्कवर असते, तेव्हा रोज रात्री रूट युजर म्हणून केलेला टार (सगळ्या फायलींचा एक गठ्ठा) दुसऱ्या मशीनवर जायला हवा. त्यात शॅडो आहे, म्हणून परवानगी 600 (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी).

परत आणताना तो टार नव्या मशीनच्या /एटसीवर सरसकट उलगडू नका. यूयूआयडी, मशीन-आयडी, युजरचे क्रमांक, सगळंच वेगळं असतं. बाजूच्या फोल्डरमध्ये उघडा आणि ‘डिफ’ लावून एकेक फाइल उचला, ‘सीपी -ए’ने. फेडोरा किंवा रेड हॅट असेल तर फायलींची सुरक्षा-लेबलं (एसईलिनक्सची) नीट करायला वर ‘रिस्टोरकॉन -आरव्ही /एटसी’ (यातला आर मोठा). एसएसएचची (दुरून लॉगिनची) फाइल बदलली असेल तर आधी ‘एसएसएचडी -टी’ने तपासा, मग रीस्टार्ट. आणि दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होईपर्यंत जुनं सेशन बंद करू नका.