स्कायरिममध्ये हवामान आणि उजेडाचे मॉड निवडताना

स्कायरिम या व्हिडिओ गेमसाठी आधी हवामानाचा मॉड (गेममध्ये बदल करणारी जोड-फाइल) ठरवा, मग घरातल्या उजेडाचा, आणि ईएनबी (उजेड आणि रंग बदलणारं ग्राफिक्सचं साधन) सगळ्यात शेवटी. ईएनबीचा प्रीसेट (तयार सेटिंग्जचा संच) ठरावीक हवामान मॉडच्या रंगांवर बेतलेला असतो. कॅथेड्रल वेदर्ससाठीचा प्रीसेट ऑब्सिडियन वेदर्सवर चढवला, तर भर दुपार पांढरीफटक पडते नाहीतर रात्री हाताला हात दिसत नाही. प्रीसेटच्या माहितीत कुठलं हवामान लागतं ते दिलेलं असतं, ते वाचूनच डाउनलोड करा.

हवामानाचा मॉड एकच ठेवा. दोन ठेवले की लोड ऑर्डरमध्ये (गेम ज्या क्रमाने मॉड वाचतो त्यात) खालचा जिंकतो, पण तो ज्या नोंदी बदलतो तेवढ्याच. बाकीच्या वरच्याच्या राहतात, आणि आकाश एकाचं, धुकं दुसऱ्याचं असा प्रकार होतो.

निवड पाऊस बघून करा. बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडचा पावसाळा पाहिलेल्याला खोटा पाऊस लगेच कळतो: ढग खाली उतरले की सावल्या पुसट होतात, लांबची झाडी राखाडी पडते आणि जवळचा हिरवा उलट गडद होतो. धो धो पावसात झाडाखाली काळी, रेखीव सावली पडत असेल तर तो मॉड सोडा. तपासायला गेममधल्या रिव्हरवुड गावाबाहेर सेव्ह करा, एस्केपखालच्या बटणाने कन्सोल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडा आणि 'एफडब्ल्यू सी८२२०' (fw c8220) टाका, वादळी पाऊस येईल. 'एफडब्ल्यू ८१ए'ने (fw 81a) आभाळ मोकळं होतं. 'सेट गेमअवर टू' (set gamehour to) पुढे ६, १३ आणि २२ देऊन तिन्ही वेळा बघा. झालं की सेव्ह परत लोड करा. रात्रीचा अंधार मात्र खोलीतला दिवा घालवूनच जोखा; दुपारी खिडकी उघडी ठेवून बघाल तर सगळेच मॉड काळेकुट्ट वाटतील.

आतल्या उजेडासाठी लक्स किंवा ईएलएफएक्स, दोन्ही नकोत. एका जागी सावली पाडणारे दिवे चारपेक्षा जास्त झाले की कॅमेरा फिरवताना दिवे विझतात-पेटतात. लक्स बसवताना पॅच (दोन मॉड एकमेकांशी जुळवणाऱ्या छोट्या फाइली) नीट टिक करा. एखाद्या मॉडने खाणावळीतली मेणबत्ती हलवलेली असते. पॅच राहिला तर उजेड जुन्याच जागी हवेत लटकतो.

४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर ईएनबीच्या नादी लागू नका. त्याऐवजी कम्युनिटी शेडर्स हा ग्राफिक्सचा मॉड घ्या. त्यातलं लाइट लिमिट फिक्स दिव्यांची लुकलुकही कमी करतं. कम्युनिटी शेडर्सला एसकेएसई आणि ॲड्रेस लायब्ररी ही दोन पूरक साधनं लागतात, आणि ईएनबीसोबत तो चालत नाही.

चालू खेळात हवामान बदलायचं असेल तर घराच्या आत जाऊन सेव्ह करा, मगच मॉड बदला.