समुद्री शेवाळ खाताय? मग या चुका टाळा

सुट्टी लागली की बेळगावातली माणसं चोर्ल्यातून गोव्याला नाहीतर कारवारला पळतात, आणि हल्ली येताना माशांसोबत शेवाळाची पिशवी पण आणतात. आणा की, मी पण खातो. पण शेवाळ पाण्यातले धातू ओढून घेतंय, तपकिरी तर जास्तच, कारण त्यातलं अल्जिनेट, म्हणजे त्याच्या पेशीभिंतीतला चिकट पदार्थ, शिसं, कॅडमियम धरून ठेवतं.

बंदराजवळचं उचलूच नका. बोटींच्या तळाच्या रंगात तांबं असतंय. मांडवी आपल्या खानापूर तालुक्यातून निघते म्हणून तिच्या मुखाशी पाणी शुद्ध असं धरू नका, मधे गोव्याचा खाणपट्टा आहे.

धुतलं म्हणजे झालं, हे पण चूक. वाळू जाते, मीठ जातं, आत मुरलेला धातू तिथंच राहतो.

आता माझं डोकं फिरवणारी चूक, रिपोर्ट अर्धवट वाचणं. टिळकवाडीतला एक पोरगा सरगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाची पावडर विकायची म्हणून रिपोर्ट घेऊन आला, "काका, आर्सेनिक फक्त 3 पीपीएम, आता पाकिटं छापायला टाकतो." पीपीएम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम. बघतो तर टेस्ट ओल्या शेवाळावर केलेली आणि हा विकणार वाळवून! ताज्या शेवाळात 80 ते 90 टक्के पाणीच असतं, ते उडालं की आर्सेनिक तेवढंच पण वजन उतरलेलं, म्हणजे 3 चे सरळ 15 ते 30 होतात. वर रिपोर्टात नुसतं टोटल आर्सेनिक, म्हणजे सगळे प्रकार एकत्र धरून. नोरी, कोंबू या जपानी खाण्यातल्या शेवाळांत बहुतेक आर्सेनिक ऑर्गॅनिक, म्हणजे कार्बनशी जोडलेलं असतं, ते कमी घातक. खरा धोका इनऑर्गॅनिकचा, आणि हिजिकी या जपानी शेवाळात ते इतकं असतं की ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनं 2004 मध्येच ती खाऊ नका म्हणून सांगितलं. हिजिकी पण सरगॅसमच, म्हणून त्याला म्हटलं पाकिटं थांबव, लॅबला सांगून ड्राय वेटवर, म्हणजे वाळलेल्या वजनावर, इनऑर्गॅनिक वेगळं काढून घे. तर म्हणे खर्च वाढतोय. लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूत हा खर्च वाचवायचाच नसतो, एवढी घाई असेल तर दुसरा धंदा बघावा.

माझी सवय सांगतो, भिजवायचं, पाणी फेकायचं, उकळायचं, तेही पाणी फेकायचं. आर्सेनिक बरंच उतरतं, कॅडमियमचा मात्र असा भरवसा नाही. ते पाणी "सत्त्व आहे" म्हणून आमटीत ओतणाऱ्यांना तर हात जोडतो.

थायरॉईडवाल्यांनी कोंबू डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, आयोडीन प्रचंड असतंय. आणि गरोदर बाई, लहान पोरं घरात असतील तर कुठून आली माहीत नसलेली पावडर दुधात घालून देऊ नका, कोण कितीही पौष्टिक म्हणू दे.