पावसाळ्यात लघुचित्र सांभाळताना या चुका टाळा

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घरात झाडलोट निघते आणि भिंतीवरच्या फ्रेमांवरूनही ओलं फडकं फिरतं. आत छापील चित्र असेल तर एकवेळ चालेल. पण नल-दमयंती किंवा उषा-अनिरुद्धाचं हाताने रंगवलेलं लघुचित्र असेल तर मुळीच नाही. हे रंग डिंकात कालवलेले असतात आणि डिंक पाण्याने सुटतो. फ्रेम उतरवून आडवी ठेवा, काच कोरड्या फडक्याने पुसा.

सगळ्यात महागात पडते ती काच थेट चित्रावर बसवण्याची चूक. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट की काचेच्या आतून ओल धरते, डिंक मऊ पडतो आणि दमयंतीचा पदर काचेला चिकटतो. चिकटलाच तर ओढू नका. फ्रेमसकट जाणकाराकडे न्या. माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. फ्रेमवाला ‘माउंट कशाला, चित्र लहान दिसतं’ म्हणेल. ऐकू नका. ॲसिडमुक्त माउंट घालून काच आणि चित्रात फट ठेवायलाच लावा. पावसाचा मारा खाणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीवर फ्रेम टांगू नका. आतली भिंत निवडा, फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावा.

बुरशीचे ठिपके दिसले की पापडासारखं उन्हात घालायचा मोह होतो. त्याने रंग उडतो, आणि कागदाचे थर चिकटवून केलेली वसली वाकते. कोरड्या, हवेशीर खोलीत सावलीत आडवं ठेवा. लॅमिनेशनचं तर नावच नको.

चित्र वाचतानाही घाई होते: जोडपं दिसलं की राधा-कृष्ण! सोनेरी हंस राजकन्येशी बोलतोय? मग ती दमयंती. एकसारखे पाच पुरुष बसलेत? ते तिचं स्वयंवर. इंद्र, अग्नी, वरुण, यम नलाचं रूप घेऊन आलेत. महाभारतात देवांच्या खुणा दिल्या आहेत: पापणी लवत नाही, घाम येत नाही, सावली पडत नाही, पाय भुईला टेकत नाहीत. चित्रात त्या असतीलच असं नाही, पण शोधण्यात मजा आहे. एकच माणूस एका चित्रात दोनदा दिसला तर तो जुळा भाऊ नव्हे. दोन प्रसंग एकाच चौकटीत मांडायची रीतच आहे.

कळंगुटच्या दुकानात ‘दोनशे वर्षांचं आहे’ असं सांगितलं तर कागदाच्या जुनेपणावर भुलू नका. जुन्या वह्यांच्या पानांवर आजही नवी चित्रं काढतात. आणि खरोखरच शंभर वर्षांहून जुनं निघालं तर 1972च्या पुरावस्तू कायद्यामुळे ते पोर्तुगालच्या मामाला भेट म्हणून पाठवता येणार नाही.