एआय वापरताना या चुका टाळा: नाटकाच्या पोस्टरपासून एक-चौदाच्या उताऱ्यापर्यंत

जत्रेच्या नाटकाचे पोस्टर एआयकडून करून घेतले की पडदा, दिवे, रंग झकास येतात. नाटकाचे नाव मात्र वाचता येत नाही. वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, ‘श्री’चा काहीतरी चौथाच आकार होतो. बरीचशी चित्र-मॉडेल्स अक्षर फॉण्टमधून उचलत नाहीत, तेही झाडापानांसारखे रंगवतात. शिवाय काना-मात्रा आणि जोडाक्षरांमुळे देवनागरीत आकारांची संख्या फार मोठी. नवी मॉडेल्स सुधारली आहेत, तरी पात्रपरिचयाच्या दहा ओळी त्यांच्यावर सोपवू नका. ‘वरचा भाग मोकळा ठेव, कुठेही अक्षर नको’ असे सांगून फक्त चित्र घ्या. मजकूर नंतर कॅनव्हा किंवा इंकस्केपमध्ये मुक्ता, बालू अशा मोफत युनिकोड फॉण्टात स्वतः टाका. तारीख चुकली तर नुसता आकडा बदलता येतो, चित्र पुन्हा काढावे लागत नाही.

मंडळाच्या जुन्या डीटीपी फाइलींचा घोळ निराळा. त्या काळचे फॉण्ट युनिकोड नव्हते, म्हणून मजकूर कॉपी करून चॅटमध्ये टाकला की नुसती चिन्हे उमटतात. वाईट हे की एआय त्या चिन्हांवरूनही अंदाजाने गुळगुळीत परिच्छेद लिहून देऊ शकते. छापील पानाचा स्वच्छ फोटो द्या, नाहीतर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा.

आपल्या गोव्याकडच्या वस्तूंची नुसती नावे सांगून भागत नाही. ‘चवथीची माटोळी’ म्हटले की झेंडूचे तोरण मिळण्याची शक्यता जास्त. गणपतीवर टांगलेली लाकडी चौकट, तिला बांधलेल्या सुपाऱ्या, नारळ, रानफळे सविस्तर सांगावी लागतात. देवळाचेही तेच. कौलारू छप्पर, घुमट आणि अष्टकोनी दीपस्तंभ हे लिहिले नाही तर गोपुर उभे राहते. सर्वांत सोपे म्हणजे घरचाच एखादा फोटो जोडणे.

इतिहासाच्या बाबतीत मात्र मी कुणालाही सूट देणार नाही. ‘आमच्या देवस्थानची माहिती लिही’ एवढेच सांगितले की एआय ओळखीची गोष्ट उचलते. 1560 साली मंगेश देव कुशस्थळीहून प्रियोळला आले, ही कथा पुष्कळ ठिकाणी लिहिलेली आहे. तीच गावचे नाव बदलून तुमच्या पत्रकात येऊ शकते. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांकडे गेले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिथल्या मूळच्याच देवळाला सोळाव्या शतकातले पोर्तुगीजभयाने झालेले स्थलांतर चिकटवले, तर गावातले जाणते हसतील. जुनी स्मरणिका समोर द्या आणि बजावा: यातलेच लिही, नसेल तिथे जागा कोरी सोड.

समितीची बैठक रेकॉर्ड करून इतिवृत्त काढायचे असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. 2022 मध्ये आलेल्या व्हिस्पर या बोलणे लिहून देणाऱ्या मॉडेलच्या भाषांत मराठी आहे, कोंकणी नाही. आपण तर एकाच वाक्यात दोन्ही बोलतो. कोंकणी वाक्ये मराठीसदृश होऊन येतात, अर्थ कधी उलटतो, आणि शांततेच्या जागी कुणीही न बोललेले वाक्य उगवते. भाषा स्वतः निवडा, रिकामे भाग कापा. पैशांचे आकडे आणि नावे मूळ आवाजाशी ताडून पाहा. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही नको.

नवीन साधन हाती आले की लोक त्याला कविता करायला लावतात. त्यातून काय कळणार? गेल्या वर्षी तुम्ही हाताने पूर्ण केलेले काम त्याला द्या. योग्य उत्तर तुमच्याजवळ असल्यामुळे चूक लगेच सापडते.

जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा किंवा आधार कार्ड ‘जरा समजावून सांग’ म्हणून जसेच्या तसे अपलोड करू नका. नावे, सर्वे नंबर झाका. अनेक मोफत सेवा तुमचा संवाद प्रशिक्षणासाठी वापरतात. ते बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर पहिल्याच दिवशी वापरा.

आणि मोफत चाचणीचे पैसे. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती सेवेच्या खात्यातून रद्द करा, मग यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून तिथली परवानगीही काढली का, ते पाहा.