‘मेड इन’ नक्की कुठलं? बल्ब घेताना असं बघा

परवा मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात एलईडी बल्ब घ्यायला गेलो, तर बाजूला एक काका दुकानदाराशी हुज्जत घालत होते, बारकोड ८९० ने सुरू होतो म्हणजे इंडियाचाच माल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय म्हणे. भर गर्दीत त्यांना कोण समजावणार, पण ८९० चा अर्थ एवढाच की कंपनीने नंबर जीएसवन इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय, माल चीनमध्ये बनवून आणला तरी खोक्यावर ८९० येऊ शकतं. तेव्हा बारकोड आधी डोक्यातून काढा.

खोका उलटा करून बारीक अक्षरं वाचा. ‘मार्केटेड बाय’ म्हणजे फक्त विकणारा, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ पुढचा पत्ता कामाचा. इम्पोर्टेड माल असेल तर कुठल्या देशाचा ते छापणं कंपल्सरी आहे, ऑनलाइन घेताना पण प्रॉडक्टच्या पेजवर दिसायला हवं, नसेल तर मी तरी घेत नाही.

मग आर-नंबर शोधा. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक अशा वस्तूंवर बीआयएसचा (वस्तूंची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) हा नंबर असतो, आर आणि पुढे ८ आकडे. तो कारखान्यागणिक वेगळा मिळतो, म्हणजे एकाच ब्रँडचे दोन बल्ब दोन वेगळ्या ठिकाणचे असू शकतात. फोनवर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये नंबर टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता आणि देश येतो, तिथल्या तिथे एका मिनिटात काम होतं, फक्त रेंज पाहिजे.

पण हा झाला शेवटचा कारखाना, त्याच्या मागचं काय? घरातला एक गेलेला बल्ब मी होल्डरमधून काढून, गार झाल्यावर उघडला (चालू बल्बवर असले उद्योग करू नका). वरची पांढरी टोपी निघाली, खाली अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे ठिपके म्हणजे एलईडीच्या चिप, त्याखाली ड्रायव्हरचं, म्हणजे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारं छोटं सर्किट, त्यातल्या कपॅसिटरवर चिनी अक्षरं. खोक्यावर मात्र मेड इन इंडिया! यात फसवाफसवी असेलच असं नाही हां, चिप एकीकडची, कपॅसिटर दुसरीकडचा, बॉडी आणि जुळणी इथली, असंच चालतं, सुटे भाग न्हावाशेव्याला कंटेनरमधून उतरतात आणि बल्ब इथे तयार होतो. म्हणून मोबाइलवर ‘असेंबल्ड इन इंडिया’ लिहिलेलं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

सरकार स्वतः खरेदी करतं तेव्हासुद्धा हो-नाही न विचारता टक्के मोजतं, ५० टक्के किंवा जास्त व्हॅल्यू इथली असेल तर क्लास वन लोकल सप्लायर, २० ते ५० मध्ये क्लास टू. आपल्याला खोक्यावर हे टक्के काही मिळत नाहीत, त्यामुळे दुकानदाराला ‘इंडियन आहे का’ विचारलं की तो हो म्हणणारच. त्यापेक्षा ‘जुळणी कुठे होते, गेला तर बदलून कोण देतं’ असं विचारा, आणि बल्बच्या मानेवर पेनाने तारीख टाकून घ्यायला विसरू नका.