कूलर काढताना प्रोसेसरच्या पिना वाकल्या? आधी पॉवर बटनपासून हात लांब ठेवा

जानेवारीत एका रविवारी सकाळी नाशिकच्या सिडकोतून भाच्याचा फोन आला, "मामा, फॅन काढायला गेलो तर प्रोसेसरच फॅनला चिकटून वर आला, लिव्हर तर बंदच होती!" फॅन म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर, आणि लिव्हर म्हणजे मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या जागेत) त्याला पकडून ठेवणारी छोटी दांडी. पोरगा रडायच्या बेतात होता, कारण तो एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर त्यानं दिवाळीपासून पैसे साठवून घेतलेला. मी त्याला एकच सांगितलं, परत सॉकेटमध्ये दाबून बसवू नको आणि चालू करून बघू नको, मी येतोय. तुमच्याकडे असं झालं असेल तर तुम्हालाही तेच सांगेन, कारण पिना उपटल्यामुळं जेवढे प्रोसेसर मरतात त्याहून जास्त नंतर घाईघाईत दाबल्यामुळं मरतात असं माझं मत आहे.

हे का होतं ते समजून घ्या. एएम४ सॉकेटच्या, म्हणजे या ३६०० सारख्या, प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूनं पकडून ठेवतं, वरून दाबून धरणारी लोखंडी फ्रेम नसते. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता वाहून न्यायला लावलेली थर्मल पेस्ट जुनी झाली की घट्ट होते, त्यात नाशिकची थंडी, रात्रभर पीसी बंद, पेस्ट अगदी गोंदासारखी, आणि आपण कूलर सरळ वर ओढतो. मग प्रोसेसर सोबतच येणार ना. इंटेलचे एलजीए सॉकेटचे आणि एएमडीचे २०२२ पासूनचे एएम५ सॉकेटचे प्रोसेसर यांच्यात पिना मदरबोर्डवर असतात आणि प्रोसेसर फ्रेमखाली अडकलेला असतो, त्यामुळं तिथं हा प्रकार होत नाही, पण तिथला धोका वेगळा, तो खाली सांगतो.

प्रोसेसर अजून कूलरला चिकटलेलाच असेल तर कूलर उलटा ठेवा, पिना वर. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, कडेची हिरवी पट्टी चिरली तर विषय संपला. हेअर ड्रायरनं कूलरची बाजू दोन-तीन मिनिटं गरम करा आणि प्रोसेसर कडांना धरून हळूच डावी-उजवीकडे फिरवा, पेस्ट मऊ झाली की तो सरकतो. पिनांना बोट लावू नका, आणि थंडीत अंगावर स्वेटर असेल तर काढून ठेवा, आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा.

आता पिना बघायच्या. उजेडात टेबलावर बसा, मोबाईलचा कॅमेरा झूम करून चारी बाजूंनी फोटो काढा. प्रोसेसर डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून रांगांमधून बघितलं की वाकडी पीन लगेच दिसते, उसाच्या सरीत एखादा ऊस आडवा झालेला दिसतो तशी. भाच्याच्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यातल्या चार पिना झुकलेल्या होत्या आणि पाचवी जवळजवळ आडवीच पडलेली.

सरळ करायला ०.५ किंवा ०.७ ची मेकॅनिकल पेन्सिल घ्या आणि आतली शिसं पूर्ण काढून टाका, शिसं विजेची वाहक असते, तिचा चुरा पिनांत पडायला नको. पेन्सिलचं रिकामं टोक पिनेवर अलगद चढवायचं आणि थोडीशी, खरंच थोडीशी उभी करायची. काढायचं, बघायचं, परत थोडी. एका झटक्यात सरळ करायला गेलात की बुडातून तुटते, आणि तीच पीन मागं-पुढं सारखी वाकवली तरी तुटते. आडवी पडलेली असेल तर आधी शिवणाच्या सुईनं किंवा पातळ ब्लेडच्या पाठीनं किंचित उचला, मग पेन्सिल. शेवटी एखादं पातळ कार्ड रांगांमधून उभं-आडवं सरकवून रांग जुळवून घ्या. आम्हाला पाच पिनांना पाऊण तास लागला, मधे दोनदा चहा झाला, आणि ते बरंच झालं कारण हात थरथरायचा थांबला.

पेस्ट पिनांत गेली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश, ब्रश पिनांच्या रांगेच्या दिशेनंच. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतो. पूर्ण वाळू द्या.

बसवताना लिव्हर वर, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाला जुळवायचा आणि सोडायचा. तो स्वतःच्या वजनानं खाली बसला पाहिजे. बसत नसेल तर अजून एखादी पीन वाकडी आहे, परत बाहेर काढा, दाबू नका.

पीन तुटलीच तर ती टाकून देऊ नका, छोट्या डबीत ठेवा. ती पीन कशाची आहे ते पिनआउटच्या, म्हणजे कुठली पीन कशासाठी ते दाखवणाऱ्या, चित्रात शोधा. बऱ्याच पिना ग्राउंडच्या आणि पॉवरच्या असतात, त्यातली एखादी गेली तरी प्रोसेसर चालू शकतो, पण रॅमची गेली तर रॅमचा एक चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारा एक मार्ग, जाऊ शकतो. एम.जी. रोडच्या बाजूला मोबाईलचे बोर्ड मायक्रोस्कोपखाली दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारून बघा, आधी अशी पीन सोल्डर केलीय का ते स्पष्ट विचारा. वॉरंटीच्या भरवशावर राहू नका, असं फिजिकल डॅमेज त्यात बसत नाही.

इंटेलवाल्यांसाठी: मदरबोर्डच्या सॉकेटमधल्या पिना स्प्रिंगसारख्या वळलेल्या आणि फार नाजूक असतात, त्या बहुतेक वेळा प्रोसेसर हातातून निसटून किंवा पुसायचं कापड अडकून वाकतात. तिथं मी घरी हात घालणार नाही, सरळ मायक्रोस्कोपवाल्याकडे नेईन.

चालू करताना एकच रॅम लावा, फॅनची वायर मदरबोर्डवरच्या सीपीयू (प्रोसेसर) फॅनच्याच जागी. ३६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाहीये, त्यामुळं मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डलाच लावा, नाहीतर डिस्प्ले येणार नाही आणि उगाच प्रोसेसर मेला असं वाटेल. बायोस (विंडोजच्या आधी येणारी मदरबोर्डची सेटिंग स्क्रीन) दिसलं की टेम्परेचर बघा, मग बंद करून दुसरी रॅम लावा, पूर्ण रॅम दिसते का ते पाहा आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. भाच्याकडे सकाळी एकही एरर नव्हती.

आणि पुढच्या वेळी कूलर काढायच्या आधी पीसीवर पंधरा-वीस मिनिटं एखादा गेम चालवा, मग बंद करून प्लग काढा, स्क्रू आळीपाळीनं समोरासमोरचे सैल करा, आणि कूलर वर न ओढता आधी डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा.