फॅक्टर आठची तपासणी: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका

वारंवार घोळणा फुटतो, पाळीत अंगावरून फार जातं, दाढ काढल्यावर रक्त थांबत नाही. म्हणून फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रांड फॅक्टर ही रक्त गोठवणारी प्रथिनं तपासली, तर रिपोर्ट नॉर्मल. पुष्कळदा घोळ रक्त काढण्याआधीच झालेला असतो.

घाबरलं किंवा धाप लागली की सिम्पथेटिक मज्जासंस्था चेतवली जाते आणि अ‍ॅड्रेनालिन सुटतं. रक्तवाहिनीच्या अस्तरात साठवलेला व्हॉन विलेब्रांड फॅक्टर त्यामुळे काही मिनिटांत रक्तात येतो, फॅक्टर आठही वाढतो. नॉर्मल साधारण ५० ते २०० टक्के. एरवी ४० असणारा माणूस तेवढ्यापुरता ५० च्या वर जातो आणि रक्तस्रावाचा सौम्य आजार निसटतो.

म्हणून तालमीतून किंवा रंकाळ्याला फेरी मारून थेट लॅबमध्ये जाऊ नका. राजारामपुरीत तिसरा मजला आणि लिफ्ट बंद, हासुद्धा व्यायामच! २०-३० मिनिटं शांत बसा, मग हात पुढे करा. लहान मुलाला तिघांनी दाबून धरून रक्त काढलं असेल, तर ‘मूल रडत होतं’ असं फॉर्मवर लिहायला लावा. तो नॉर्मल आकडा आम्ही तरी धरणार नाही. ताप आणि गरोदरपण यांनीही पातळी वाढते. प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाब, धडधड यांवरचं औषध) ही वाढ दाबतं, पण गोळी परस्पर बंद करू नका, नुसती सांगा.

उलटी चूक सॅम्पल ठेवण्यात होते. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग. ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) उगाच लांबतो. दंडावरचा पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळून ठेवू नये. ट्यूब हलक्या हाताने चार-पाचदा उलटी-सुलटी करावी, खळखळून हलवू नये. आणि प्लाझ्मा वेगळा करण्यासाठी मशीनमध्ये न फिरवलेलं रक्त फ्रीजमध्ये नको: थंडीने व्हॉन विलेब्रांड फॅक्टर कमी होतो आणि नसलेला आजार रिपोर्टवर उमटतो. पुण्या-मुंबईला पाठवायचं असेल तर चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करून, गोठवून, कोरड्या बर्फात.

लक्षणं कायम असतील, घरात कुणाला असाच त्रास असेल, तर एका नॉर्मल रिपोर्टवर फाइल बंद करू नका. वेगळ्या दिवशी, स्वस्थ असताना, पुन्हा तपासा.